आमच्या कुत्र्याला तर काही झालं नाही

दोन पट्टे समोरासमोर आले की कुत्री एकमेकांची मागच्या बाजूने चौकशी करतात आणि माणसं समोरून. किती महिन्यांचा? काय देता खायला? लशी झाल्या का? कुरतडतो का फार? तिसऱ्या मिनिटाला सल्ला सुरू झालेला असतो. मी या गप्पांमध्ये गेली अठरा वर्षं आहे. तीन कुत्री झाली, चौथी भुरी आत्ता माझ्या पायाशी झोपली आहे. या काळात जेवढे सल्ले घेतले त्याच्या दुप्पट दिले असतील, आणि त्यातला निदान एक असा होता की तो दिला नसता तर एका कुत्र्याचं आयुष्य बरं गेलं असतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

या गप्पांत एक वाक्य हुकमाच्या पत्त्यासारखं टाकलं जातं: 'आमच्या कुत्र्याला तर काही झालं नाही.' कुणी म्हणालं द्राक्षं देऊ नका, की हे वाक्य येतं. शिजवलेली हाडं, माणसाच्या औषधाची अर्धी गोळी, गळ्याला हिसका, सगळ्यांवर हाच पत्ता. बोलणारा खोटं बोलत नसतो, हीच पंचाईत आहे. खोटं असतं तर खोडून तरी काढता आलं असतं.

माझं म्हणणं असं की कुत्री पाळणाऱ्यांनी एकमेकांना हकीकत भरपूर सांगावी आणि सल्ला मात्र हात राखून द्यावा. या दोन्हींत फरक आहे, आणि तो न पाळल्याची किंमत ज्याला मोजावी लागते तो त्या गप्पा चालू असताना खाली मान घालून जमीन हुंगत असतो.

द्राक्षांचंच घेऊ. द्राक्षं किंवा मनुके खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बिघडतात हे पशुवैद्यांना बरीच वर्षं माहीत होतं, पण का बिघडतात हे कोडं होतं. एक कुत्रा मूठभर खाऊन शेपूट हलवत हिंडतो, दुसरा थोडक्या दाण्यांत आडवा होतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्राणी-विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. धागा सापडला तो भलतीकडेच. मुलांना खेळायला घरी जो रंगीत गोळा मळतात त्यात याच आम्लाचा क्षार घातलेला असतो, आणि तो गोळा खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं थेट द्राक्षांसारखीच बिघडलेली दिसली. आता हे आम्ल द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार कमीजास्त असतं. तेव्हा 'आमच्याने वाटीभर खाल्ली' ही हकीकत शंभर टक्के खरी असू शकते आणि शेजारच्या कुत्र्यासाठी ती पूर्णपणे निरुपयोगी.

चॉकलेटचा हिशेब त्याहून सोपा, म्हणून त्यात चूक होण्याचं कारण नाही, तरी होते. त्यातलं थिओब्रोमीन हे द्रव्य माणसाचं शरीर भराभर निकालात काढतं, कुत्र्याचं फार सावकाश. वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमला अस्वस्थता आणि उलट्या सुरू होतात, ४० ते ५० ला हृदयाची लय बिघडते, ६० च्या पुढे झटके. दुधाच्या चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असतं, गडद चॉकलेटमध्ये ५ आणि त्याहून जास्त. तीस किलोच्या कुत्र्याने दुधाच्या चॉकलेटचा पन्नास ग्रॅमचा तुकडा लांबवला तर किलोमागे तीन-साडेतीन मिलिग्रॅम होतात. त्याच्या मालकाने 'काहीही होत नाही हो' म्हणावं हे साहजिक आहे. हे ऐकून निर्धास्त झालेल्या माणसाचं कुत्रं पाच किलोचं आणि तुकडा तेवढाच पण गडद असेल, तर किलोमागे पन्नासच्या वर. पहिला मालक प्रामाणिक आहे, दुसऱ्याचं कुत्रं डॉक्टरांच्या टेबलावर आहे.

बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असतं ते झायलिटॉल आणखी वेगळं. माणसाला त्याचं काही वाटत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि रक्तातली साखर कोसळते. त्याला किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम. किलोमागे अर्धा ग्रॅम झालं तर यकृतही धोक्यात येतं.

आणि कांदा-लसूण. ते तांबड्या पेशी हळूहळू फोडत जातात, आणि कुत्रं मलूल दिसायला लागतं ते काही दिवसांनी. तोवर रविवारी उरलेल्या रश्शाची वाटी चाटून घेतली होती हे घरात कुणाच्या लक्षात नसतं. 'काही झालं नाही' या वाक्याला असा एक न उच्चारलेला शेपूट असतो: मला जोडता आलं नाही.

त्या वाक्याचं दुसरं वैगुण्य जरा क्रूर आहे. ज्यांच्या कुत्र्याला झालं ते आता संध्याकाळी फिरायला येत नाहीत. गप्पांत हजर असतात ते सगळे वाचलेल्यांचे मालक. एकाच्या हातचा पट्टा गेला की चार दिवस हळहळ होते, मग त्या जागी दुसरं कुणीतरी उभं असतं आणि द्राक्षांचा विषय नव्याने निघतो.

इथे बरेच जण म्हणतात, मग या गप्पाच बंद करा, ज्याला जे विचारायचं ते त्याने डॉक्टरांना विचारावं. हे मला अजिबात पटत नाही. कुत्र्याला पशुवैद्य पाहतो तो दहा मिनिटं, गुळगुळीत टेबलावर, आणि कुत्रं घाबरलेलं असताना. तिथे लंगडणारं कुत्रं भीतीने सरळ चालतं. भुरी गेल्या वर्षी दोन पायऱ्या चढण्याआधी अर्धा सेकंद थांबायला लागली. फक्त अर्धा सेकंद, पुढचा उजवा पाय उचलून, जणू पायरी मोजते आहे. हे मलाही दिसलं नव्हतं. रोज भेटणाऱ्या एका बाईंनी दाखवलं, कारण त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याची सुरुवात अशीच झाली होती. त्यांनी औषध सांगितलं नाही, तेल सांगितलं नाही. 'आमचा असाच थांबायचा, नंतर सांध्याचं निघालं,' एवढंच म्हणाल्या. मी मोबाइलवर त्या पायरीचं चित्रण करून डॉक्टरांकडे नेलं. टेबलावर भुरी मस्त चालली, पण चित्रणात पकडली गेली. हकीकत म्हणतो ती ही.

पाणी एकाएकी जास्त पितं, एकाच कुशीवर झोपतं, खाऊ तोंडात घेऊन खाली टाकतं, कान खाजवताना विव्हळतं: असल्या गोष्टी पाहायला दिवसभर घरात असणारा माणूसच लागतो, आणि त्या पाहायला शिकवतो तो दुसरा मालक. हे ज्ञान कुठल्या पदवीत मिळत नाही. ते गप्पांमधून जातं तेव्हा चांगलंच जातं.

पण एका बाबतीत आपली सगळ्यांची नजर मिळूनच बिघडली आहे, आणि ती म्हणजे वजन. रोज जी दहा कुत्री दिसतात त्यांतली सात गुबगुबीत असतील तर उरलेली तीन आपल्याला उपाशी वाटतात. बेताच्या बांध्याच्या कुत्र्याच्या मालकाला 'खायला घालता की नाही?' असं हसत विचारणारे मी पाहिले आहेत. त्यांत मीही होतो. यावर ४८ लॅब्रेडॉरांचा एक अभ्यास आहे, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आणि हे आयुष्यभर. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ११.२ वर्षं निघालं, कमी खाणाऱ्यांचं १३. जवळजवळ दोन वर्षं जास्त, शिवाय सांधेदुखी उशिरा. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे काय हे पाळणाऱ्याला सांगायला नको. एवढा फायदा देणारं औषध निघालं असतं तर आपण रांगा लावल्या असत्या. इथे तर एक मूठ कमी टाकायची आहे.

ती मात्र टाकवत नाही. डोळे आड येतात. लॅब्रेडॉरांच्या बाबतीत तर केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की त्यांच्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्यात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना पोट भरल्याचं समाधान नीट कळत नाही. 'बघा कसा बघतोय, उपाशी आहे बिचारा' हे वाक्य म्हणजे त्या गळालेल्या तुकड्याला आपण दिलेलं उत्तर.

वजनाची पारख करायला नजरेपेक्षा हात बरा. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं गाठींवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा लागल्या तर ते रोड आहे. आता मूठ सोडून तळव्यावर, बोटांच्या बुडाशी दाबून पाहा. असं मऊ लागलं तर जाड. मग हात सरळ पसरून पंजाच्या पाठीवर बोटं फिरवा: हाडं आहेत हे कळतं, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागायला हव्यात. ही तपासणी कुणालाही दाखवावी, त्यात नुकसान कुणाचंच नाही. भुरीच्या बाबतीत मी ती पहिल्यांदा केली तेव्हा मला तळवा सापडला आणि मी दोन वेळा पुन्हा करून पाहिली, जणू माझा हातच चुकत असावा.

आता शिकवण्याकडे येतो, कारण खाण्यापिण्यातल्या सल्ल्यांपेक्षा तिथले सल्ले जास्त ठाम असतात. कुत्र्याला कळलं पाहिजे मालक कोण. आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. पलंगावर घेऊ नका, डोक्यावर बसेल. गुरगुरला तर पाठीवर पाडून दाबून धरा.

या सगळ्याच्या मुळाशी लांडगे आहेत. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं वर्णन लिहिलं. एकमेकांना अनोळखी असलेले प्राणी एका आवारात डांबले होते. त्यांच्यात मारामाऱ्या झाल्या, कुणी वर चढला, कुणी खाली दबला. डेव्हिड मीच या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी १९७० च्या आपल्या पुस्तकातून ही 'अल्फा'ची, म्हणजे लढून वर चढलेल्या म्होरक्याची, कल्पना जगभर नेली. (आडनावाचा उच्चार खरोखरच असा आहे. 'घरात मोठा कोण?' या प्रश्नाला याहून नेमकं मराठी उत्तर शोधून सापडणार नाही.) पुढे त्यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक टोळी म्हणजे एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे कुणी लढून अल्फा होत नाही. पोरं मोठी होतात आणि स्वतःचं बिऱ्हाड करायला निघून जातात. स्वतःचंच पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. आणि कुत्रा तर लांडगाही राहिलेला नाही. २०१३ मध्ये त्याच्या जनुकांत पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या ज्यादा प्रती सापडल्या. लांडग्यात त्या दोनच असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढलेला हा प्राणी आहे, आणि आपण त्याला कोंडलेल्या लांडग्यांचे नियम लावतो आहोत.

ही कल्पना तरीही मरत नाही, कारण ती मालकाच्या मनाला गोड लागते. कुत्रं ऐकत नाही याचा अर्थ मी नीट शिकवलं नाही असा काढण्यापेक्षा, ते माझ्या सत्तेला आव्हान देतंय असा काढणं सुखाचं. शिवाय धाक लगेच काम करतो. हिसका दिला, भुंकणं थांबलं. बक्षीस मिळालं ते हिसका देणाऱ्याला, आणि ज्या कृतीनंतर बक्षीस मिळतं ती पुन्हा केली जाते, हा नियम कुत्र्याइतकाच माणसालाही लागू आहे. खाण्याच्या बाबतीत 'काही झालं नाही' म्हणतात, इथे 'काम झालं' म्हणतात. दोन्हीकडे पाहणं त्या क्षणापाशीच संपतं.

त्यानंतरचं पाहायला कुणीतरी मोजायला बसावं लागतं. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला: धाकाने शिकवणाऱ्या वर्गांतली कुत्री ताणाची चिन्हं जास्त दाखवत होती, जांभया, ओठ चाटणं, अंग आखडणं, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्या-मांजरांना विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी आहे. ती सगळीकडे असायला हवी असं माझं मत आहे, आणि 'योग्य हातात वाईट नाही' हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण पट्टा विकत घेताना हात तपासले जात नाहीत.

गुरगुरण्याबद्दल मात्र मी सल्लाच देतो, हात न राखता. गुरगुरण्याला शिक्षा करू नका. कुत्र्याकडे 'पुरे, लांब व्हा' म्हणायला जे शब्द आहेत त्यातला हा शेवटून दुसरा आहे, शेवटचा दात. आधीचे शब्द आपण वाचलेलेच नसतात: मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग दगडासारखं होणं. गुरगुरायची चोरी झाली की पुढच्या वेळी ते थेट चावतं आणि घरचे म्हणतात, काही कारण नसताना अचानक चावला.

तसाच गैरसमज अपराधी चेहऱ्याचा. 'याला बरोबर कळतं काय केलंय ते, बघा कसं तोंड केलंय.' अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर साधा प्रयोग केला. मालकाने खाऊला मनाई करून खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्र्याने खाल्लं, कधी नाही, आणि परतलेल्या मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो चेहरा मालकाच्या रागावण्यावर अवलंबून निघाला. काहीच न केलेल्या कुत्र्यांनीही रागावल्यावर तोच चेहरा केला, उलट थोडा जास्तच. आपण पश्चात्ताप म्हणून जे वाचतो ते 'तुमचा आवाज चढलाय, मी बारीक होतो' एवढंच असतं. सकाळी केलेल्या शूबद्दल संध्याकाळी नाक घासणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता माझा तो सल्ला.

सात-आठ वर्षांपूर्वी शेजारी एक पिल्लू आलं, दोन महिन्यांचं, करड्या कानांचं. शेजारी पहिल्यांदाच कुत्रं पाळत होते आणि त्यांनी मला विचारलं, बाहेर कधी नेऊ? मी ठणकावून सांगितलं: सगळ्या लशी पूर्ण होईपर्यंत जमिनीला पायसुद्धा लावू देऊ नका. माझ्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी मी असंच केलं होतं. त्याला काही झालं नाही.

हा सल्ला कुठून येतो ते खोटं नाही. १९७८ च्या सुमारास कुत्र्यांमध्ये पार्व्होव्हायरस नवाच उगवला आणि वाऱ्यासारखा जगभर पसरला. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लांना रक्ताचे जुलाब लावून मारतो. पिल्लाला लस पुन्हापुन्हा का द्यावी लागते तेही मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं पहिली कच्ची, दुसरी पक्की. खरं असं की आईच्या चिकातून आलेली प्रतिकारद्रव्यं पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत तीच लशीला निकामी करतात, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी देत राहायची आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आत संपवायचा नाही.

गोम अशी की पिल्लाच्या डोक्यातलं कॅलेंडर या कॅलेंडरला विचारून चालत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, ते 'जगात असतं' म्हणून स्वीकारलं जातं. नंतर दिसलेल्या नव्या गोष्टीबद्दल पहिली भावना बहुधा भीतीची. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी हे १९६० च्या दशकातच मांडलं होतं. म्हणजे लस पूर्ण व्हायच्या आधी दार बंद होतं. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेविअर या संस्थेने २००८ मध्ये लिहिलं की पहिल्या लशीनंतर किमान सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागेतल्या वर्गात न्यायला हरकत नाही. कडेवर घेऊन रस्ता दाखवता येतो, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांच्या घरी नेता येतं, दारात बसून छत्र्या, सायकली, मुलं, टोप्या, काठ्या दाखवता येतात. यातलं काही मी सांगितलं नाही. मला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

ते पिल्लू चार महिने एका खोलीत वाढलं. निरोगी, गुटगुटीत. पहिल्यांदा बाहेर आणलं तेव्हा मी जिन्यात होतो. शेवटच्या पायरीवर त्याने चारही पाय रोवले. समोरून कुणीतरी छत्री उघडली आणि त्याने तिथेच शू केली, उभ्यानेच, शेपूट पोटाखाली घालून. शेजारी हसले, 'सवय होईल.' मीही म्हणालो, होईल. आज ते सात वर्षांचं आहे. छत्री दिसली की अजून भिंतीला घासत चालतं, अनोळखी माणसाने हात पुढे केला की ओठ मागे जातात, आणि पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत ठेवतात. भित्रेपणात उपजत भाग किती आणि माझा किती हे कुणी मोजू शकणार नाही. पण माझा आहे.

मला कुणी म्हणेल, तज्ज्ञही चुकतातच की. चुकतात. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो, तो टाळायला खाण्याचं भांडं उंचावर ठेवा, असं जाणकारच सांगत असत. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मोठ्या जातींमध्ये उंच भांड्याने धोका वाढलेलाच दिसला. धान्यविरहित कोरड्या खाण्याबद्दल आणि हृदयविकाराबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला, चौकशी केली, आणि कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही असंही पुढे सांगितलं. फरक असा की त्यांच्या चुकांना तारीख असते. १९७० चे मीच चुकले हे १९९९ च्या मीचनी लिहून ठेवलं. आपल्यातल्या कुणी कधी चार लोकांत म्हटलंय का, की मागच्या वर्षी मी जे सांगितलं ते परत घेतो? मी अठरा वर्षांत ऐकलं नाही. आपले सल्ले कालबाह्य होत नाहीत, फक्त कानावरून कानावर जातात, आणि प्रत्येक कानावर थोडे जास्त ठाम होतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. डॉक्टर लांब असतो, परवडत नाही, रात्री मिळत नाही. अशा वेळी शेजाऱ्याचा सल्लाच काय तो आधार. खरं आहे, आणि म्हणूनच तो सल्ला कुठला असावा याची चाड हवी. कुत्र्याने काही विषारी खाल्लं की कुणीतरी हमखास सांगतं, मिठाचं पाणी पाजून ओकवा. त्या मिठानेच रक्तातलं सोडियम चढून कुत्री दगावतात. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्यांचं तेच: आयबुप्रोफेनने पोटाला जखमा आणि मूत्रपिंडाला धक्का, पॅरासिटामॉलने यकृत आणि तांबड्या पेशी. रात्री दोन वाजता शेजाऱ्याने करण्यासारखं उपयोगी काम म्हणजे वेष्टण शोधणं, किती खाल्लं आणि किती वाजता ते कागदावर लिहिणं, कुत्र्याचं वजन विचारणं, आणि फोन करत राहणं. उन्हाने तापून कोसळलेल्या कुत्र्याला आधी पाणी ओतून गार करणं आणि मग गाडीत घालणं. हे कुणीही सांगावं, कारण यात 'आमच्या कुत्र्याचा' काही संबंध नाही.

विष, औषधाचा डोस आणि चावणारं कुत्रं, या तिन्हींवर मी आता मत देत नाही. बाकी सगळ्यावर बोलतो, आणि बोलण्याआधी विचारतो: वजन किती, वय किती, कधीपासून? गप्पांचा रंग याने थोडा उतरतो, हे कबूल. काही जणांना मी पूर्वीपेक्षा कमी हुशार वाटायला लागलो आहे.

गेल्या महिन्यात शेजारी भेटले, त्यांचं कुत्रं भिंतीच्या बाजूने, आणि बरोबर एक तरुण, छातीशी पिल्लू धरलेला. शेजाऱ्यांनी माझी ओळख करून दिली, 'यांना विचार, यांना सगळं माहीत आहे. आमच्या वेळी यांनीच सांगितलं होतं.' तेव्हा मी ते बोलून टाकलं, त्या दोघांसमोर. तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं, तुमचा हा छत्रीला घाबरतो त्यात माझा हात आहे, सात वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. शेजारी काही वेळ पट्टा हाताभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, 'अहो, तुम्ही भल्यासाठीच सांगितलं होतंत.' आणि त्यांनी कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला, ते करतात तसा, कानामागे.

तो तरुण आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता. पिल्लू त्याच्या शर्टाचं बटण चावत होतं.

'म्हणजे बाहेर नेऊ की नको?' त्याने विचारलं.

'किती आठवड्यांचं आहे?' मी म्हटलं. 'आणि पहिली लस कुठल्या तारखेला झाली?'